दंतारोपण : विद्येची प्रगती आणि आपले कर्तव्य

(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द मी बोलावेत, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिकवू लागलो आणि त्याच कामातून निवृत्त झालो. समोर आपल्या ज्ञातीतील चार सुविद्य दंतवैद्य बसलेले असताना मी दातांविषयी बोलावे, हा एक प्रकारे अधिक्षेपच होय. परंतु गेल्या तीन वर्षांत या विषयाने माझ्याच जबड्यात बिऱ्हाड केले आहे. त्यानिमित्ताने काही वाचले, काही विचारले आणि काही भोगले. ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचे मूळ बसवून त्यावर नवा दात उभारणे, याला दंतारोपण म्हणतात. बोलण्यात आपण त्याला इम्प्लांट म्हणतो. कवळी हिरडीवर टेकते. ब्रिज शेजारच्या दोन दातांच्या खांद्यांवर उभा राहतो आणि त्यासाठी ते दोन्ही दात बहुधा घासून बारीक करावे लागतात. दंतारोपण मात्र कोणाच्या आधारावर उभे राहत नाही. ते हाडात रुजते. हे ‘रुजणे’ या विद्येचे सारे मर्म आहे आणि आजच्या माझ्या बोलण्याचेही सूत्र तेच आहे.

दात गेला तर काय बिघडते, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. दाढ काढली, ठणका थांबला, प्रकरण मिटले! प्रत्यक्षात प्रकरण तेथेच सुरू होते. दाताभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात गेला की त्याचे काम संपते आणि ते झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते आणि त्यातील बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, माणूस एकाच बाजूने चावू लागतो. म्हणून दाढ काढतानाच ‘पुढे काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. वर्षभराने विचारला तर उत्तर महाग पडते.

गेलेल्या दाताची उणीव भरून काढण्याची मनुष्याची धडपड फार जुनी आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९३१ साली माया संस्कृतीतील, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा एक जबडा सापडला. त्यात पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तुकडे बसवलेले होते. अमेरिकेत ग्रीनफील्ड नावाच्या दंतवैद्याने १९१३ च्या सुमारास प्लॅटिनम-मिश्रधातूच्या तारेची पिंजऱ्यासारखी मुळे बसवून पाहिली. पुढे १९३० नंतरच्या दशकात स्ट्रॉक या शल्यवैद्याने व्हायटॅलियम धातूचे स्क्रू वापरले. यांपैकी काही प्रयोग बरेच टिकले, पण भरवसा कशाचाच नव्हता. बहुतेक वेळा शरीर त्या परक्या वस्तूभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार करी आणि मूळ हळूहळू सैल होई. खांब रोवावा आणि भोवतालची माती कधी घट्ट होऊच नये, तसा हा प्रकार होता.

ही कोंडी फुटली ती स्वीडनमध्ये, आणि तीही दातांचा विचार मनात नसताना. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे दंतवैद्य नव्हते. लुंड येथील विद्यापीठात ते हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. १९५२ साली त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियम धातूची एक सूक्ष्म नळी बसवली होती. तिच्यातील भिंगातून जिवंत हाडातील रक्ताचा प्रवाह दिसे. प्रयोग संपल्यावर ते महागडे उपकरण पुन्हा वापरावे म्हणून ते काढू गेले, तो ते निघेना! हाडाने त्या धातूला घट्ट धरून ठेवले होते. दुसरा एखादा हातातली वस्तू वाया गेली म्हणून चरफडला असता. ब्रोनेमार्क यांनी मात्र ती का निघत नाही, हा प्रश्न धरून ठेवला. टिटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या स्पर्शाने ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आपोआप तयार होतो. तो थर शरीराला बोचत नाही, आणि म्हणून हाडाच्या पेशी थेट त्याला बिलगून वाढतात, असे पुढे उलगडले.

त्यानंतर तेरा वर्षे प्रयोग करून, १९६५ साली, गोथेनबर्ग येथे त्यांनी यस्टा लार्सन या चौतीस वर्षांच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात चार मुळे बसवली. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते. खाणे-बोलणेही त्यांना कष्टाचे होते. ते गृहस्थ २००६ साली वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती मुळे आपले काम करीत होती. तरीही स्वदेशातील दंतवैद्यकाने ब्रोनेमार्क यांना बरीच वर्षे दाराबाहेरच उभे केले. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी साठल्या आणि १९८२ साली कॅनडातील टोरोंटो येथील परिषदेत त्या जगापुढे आल्या, तेव्हा कोठे ही विद्या सर्वमान्य झाली. ब्रोनेमार्क २०१४ साली निवर्तले. नोंदी नीट ठेवणाऱ्याला उशिरा का होईना न्याय मिळतो, हे शाळामास्तराला या कथेत विशेष आवडते.

आता प्रगतीकडे वळू. ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत सावकाशीची होती. मूळ बसवून हिरडी शिवून टाकायची, खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे, नंतर पुन्हा हिरडी उघडून वर दात चढवायचा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंद्रे श्र्योडर यांनी १९७० नंतरच्या दशकात एकाच शस्त्रक्रियेत भागणारी रीत दाखवली. पुढे धातूचा पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लाने खरवडून खडबडीत करण्याची युक्ती निघाली. सारवायच्या भिंतीला आपण टोचे देतो, म्हणजे गिलावा धरतो; तसेच हे! त्यामुळे हाड लवकर धरते, आणि चांगल्या हाडात, निरोगी माणसाला आता सहा ते आठ आठवड्यांतही वर दात चढवता येतो.

दुसरी प्रगती पाहण्याची. पूर्वीच्या क्ष-किरण चित्रात जबड्याची उंची दिसे, जाडी दिसत नसे. १९९० नंतरच्या दशकात कोन-बीम सीटी नावाचे यंत्र आले. ते जबड्याचे चोहोबाजूंनी चित्र घेते, आणि त्यासाठी लागणारे किरण नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा पुष्कळ कमी असतात. खालच्या जबड्यात एक मज्जातंतू वाहतो. त्याला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कायमची. म्हणून शल्यवैद्य त्या तंतूपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखतात. पूर्वी हे अंतर अनुभवाच्या अंदाजाने राखावे लागे, आता ते पडद्यावर मोजता येते. त्या चित्रावर आधी आराखडा आखतात, त्याबरहुकूम छिद्र असलेली पट्टी छापून घेतात, ती दातांवर बसवतात आणि गिरमिट त्या छिद्रातूनच आत जाते. शिंपी कापडावर खडूने आखून मगच कात्री चालवतो, त्यातलाच हा शहाणपणा.

तिसरी प्रगती हाड वाढवण्याची. जेथे हाड झिजून गेले आहे तेथे रुग्णाचे स्वतःचे किंवा प्रक्रिया केलेले हाड भरून, वर पडदा घालून, ते रुजू देतात. वरच्या दाढांच्या माथ्यावर हवेची एक पोकळी असते. तिचे अस्तर अलगद उचलून खाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ होऊ लागली. रुग्णाच्याच रक्ताची नळी यंत्रात फिरवून त्यातून बरे करणारा चिकट थर वेगळा काढायचा आणि तो जखमेत ठेवायचा, ही रीत फ्रान्समध्ये २००१ साली पुढे आली. पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी तर हाड वाढवण्याऐवजी मागची दोन मुळे तिरपी बसवून चार मुळांवर सारा जबडा तोलून धरण्याची पद्धत रूढ केली.

चौथी गोष्ट दिसायला लहान, पण मला फार उद्बोधक वाटली. हाड तापणे सोसत नाही. स्वीडनमध्येच १९८३ साली सशांवर केलेल्या प्रयोगात दिसले की, सत्तेचाळीस अंश सेल्सियस उष्णता एक मिनिट लागली तरी हाडाची हानी होते. आपण घोटघोट पितो तो चहा याहून गरम असतो! म्हणून भोक पाडताना गिरमिट बेताने चालवतात, मध्ये मध्ये उचलतात आणि वरून मिठाच्या गार पाण्याची धार धरतात. घाई केली तर मूळ त्या दिवशी घट्ट बसते, आणि काही आठवड्यांनी सैल होते.

आणि घाईवरूनच मला माझ्या प्रकरणाकडे यायचे आहे.

उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा मी काढून बसलो होतो. आज करू, उद्या करू, यात दोन वर्षे गेली. अखेर एका दंतवैद्याकडे गेलो. ते माझेच विद्यार्थी. चौथीत पाढे चुकले म्हणून मी त्यांना कित्येकदा उभे केले होते. त्यांनी अतिशय आदराने तपासले, चित्र काढले, रक्तातील साखर पाहिली आणि कागदावर प्रश्न लिहून घेऊ लागले. एक प्रश्न होता, “गुरुजी, विडी, सिगारेट, तंबाखू?” शेजारी त्यांच्या मदतनीस मुली उभ्या, बाकावर दोन ओळखीची माणसे. मी म्हणालो, “छे, छे!” आणि त्यांनी कागदावर ‘नाही’ असे लिहिले.

मंडळी, ते खोटे होते. ट्रेनिंग कॉलेजात असल्यापासून मी विडी ओढत आलो. दिवसाला आठ-दहा. शाळेत कधी ओढली नाही, मुलांसमोर कधी ओढली नाही, आणि त्यामुळे ती ओढतच नाही असे मला स्वतःलाही अर्धवट वाटू लागले होते.

दोन मुळे बसली. मी सूचना पाळल्या, औषधे घेतली, आणि संध्याकाळी परसात जाऊन विडीही ओढली. अडीच महिन्यांनी वर दाढ चढवण्यासाठी गेलो, तेव्हा पुढचे मूळ पक्के होते, मागचे मात्र बोटाच्या जोराने फिरले. दुखले नाही, रक्त आले नाही. डॉक्टरांनी ते सहज काढून घेतले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझे चित्र पुन्हा पाहिले, कागद दोनदा वाचला. “माझेच काही चुकले असेल, गुरुजी,” असे म्हणून दुसरे मूळ विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हाडाचा शिक्षक म्हणून आयुष्यभर लोकांनी मला गौरवले. त्या शिक्षकाला त्याच्याच हाडाने धडा घालून दिला होता, आणि चूक मात्र विद्यार्थी स्वतःच्या अंगावर घेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच जाऊन मी सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. कपाटातून माझा कागद काढला, ‘नाही’वर रेघ मारली, ‘होय, सुमारे चाळीस वर्षे’ असे लिहिले आणि शेजारी माझी सही घेतली. एवढेच. विद्यार्थ्याची पाटी मी आजवर तपासली, पण माझी पाटी त्या दिवशी तपासली गेली.

त्यानंतर मी विडी सोडली. सोडणे सोपे गेले नाही. चार महिन्यांत खळगा हाडाने भरला. दुसरे मूळ बसवले, यावेळी सव्वातीन महिने थांबलो, आणि आज दीड वर्ष होत आले, त्या बाजूने मी ज्वारीची भाकरी चावतो आहे. डॉक्टरांना मी दुसऱ्या मुळाचे पैसे आग्रहाने दिले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. माझे मूळ विडीमुळेच गेले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्याच तोंडातले, त्याच विडीच्या धुरातले शेजारचे मूळ टिकले. एकाच्या अनुभवावरून सिद्धांत काढू नये. परंतु अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की, धूम्रपान करणाऱ्यांत दंतारोपण निष्फळ ठरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असते. एरवी ही विद्या फार विश्वासार्ह आहे. शंभरांपैकी नव्वदांहून अधिक मुळे दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. पण माझ्या खोट्या उत्तरामुळे डॉक्टरांना अधिक वाट पाहता आली नाही, आधी विडी सोडा असे सांगता आले नाही, आणि अपयशाचे कारणही शोधता आले नाही. साऱ्या जगाची प्रगती त्या दवाखान्यात हजर होती. एका शब्दाने मी ती अर्धी निकामी केली. डॉक्टरांशी खोटे बोलता येते, हाडाशी येत नाही.

यास्तव ज्ञातिबांधवांना माझी विनंती आहे. तपासणीच्या वेळी काहीही लपवू नका. विडी, तंबाखू, आणि भगिनींनो, मशेरीसुद्धा! मशेरी ही दातांची निगा नव्हे, तो तंबाखूच होय. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. ती आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काहींना गोळी किंवा सुई चालू असते. त्या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड मरते, हे २००३ पासून वैद्यकाला ठाऊक आहे, म्हणून ते आवर्जून सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि दात बसल्यावर काम संपले असे समजू नका. धातूला कीड लागत नाही हे खरे, पण भोवतालच्या हिरडीला सूज येते, आतले हाड झिजते, आणि धातूच्या मुळाला खऱ्या दातासारखी संवेदना नसल्याने पुष्कळ उशिरापर्यंत कळतही नाही. रोजची स्वच्छता आणि ठराविक मुदतीने तपासणी, हा या दाताचा आजन्म कर आहे.

‘एका दिवसात दात’ अशा जाहिराती आपण पाहतो. त्यात सर्वस्वी असत्य नाही. हाड भक्कम असेल आणि मूळ बसतानाच घट्ट बसले असेल, तर त्याच दिवशी तात्पुरता दात चढवता येतो. परंतु तो दात मिरवायचा, चावायचा नव्हे. रुजण्याचे काम आत महिनोन्महिने चालूच असते. तेव्हा किती दिवसांत, हे विचारण्याआधी माझे हाड कसे आहे, कोणते मूळ बसवणार, ते सैल झाले तर पुढे काय, आणि त्याची नोंद मला लेखी मिळेल काय, हे विचारावे.

दंतारोपण सर्वांनाच हवे असेही नाही. एका दाताला हजारो रुपये लागतात. नीट बसलेली कवळी किंवा ब्रिज यांत कमीपणा काहीच नाही. पण ज्या वडीलधाऱ्यांची खालची कवळी बोलताना उठते, जेवताना सरकते, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. खाली केवळ दोन मुळे बसवून त्यांना कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी हीच पहिली निवड असावी, असे मत दिले. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी खर्च झेपत नसेल त्यांनी तेथे चौकशी करण्यास लाजू नये.

समोर बसलेल्या तरुण दंतवैद्यांनाही दोन शब्द सांगतो. आपण माझ्याहून लाखपटीने जाणते आहात. यंत्रे आपल्याकडे आहेत, आणखी येतील. पण तंबाखूचा प्रश्न रुग्णाला एकांतात विचारा, आणि दोनदा विचारा. त्यातून रुग्ण शिक्षक असेल, सासरा असेल, ज्ञातीतला मान्यवर असेल, तर तीनदा विचारा. आदर हा तपासणीच्या आड येऊ देऊ नका. मला त्या दिवशी कोणी दार लावून विचारले असते, तर कदाचित मी खरे बोललो असतो.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक नम्र सूचना. आपण दरवर्षी संमेलनाच्या दिवशी नेत्रतपासणी ठेवता, ती स्तुत्य आहे. तिच्या शेजारी दंततपासणीचे एक टेबल मांडावे. तसेच वैद्यकीय साहाय्य निधीतून दातांच्या उपचारांना मदत देताना ‘ही चैन आहे’ असे म्हटले जाते, त्याचा फेरविचार व्हावा. ज्या म्हाताऱ्या माणसाला भाकरी पाण्यात भिजवून गिळावी लागते, त्याच्या दृष्टीने दात ही चैन नव्हे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे जे सुचले ते सांगितले. स्वतःची चूक चारचौघांत सांगण्याचे धैर्य मला चौसष्टाव्या वर्षी झाले. त्याचा उपयोग आपल्यातील एकाच्या जरी हाडाला झाला, तरी माझे गेलेले मूळ सार्थकी लागले असे मी समजेन.